मदत हवी आहे: मार्केटिंगच्या तिघांसाठी सीएमएस (साइटचा मजकूर सांभाळणारं सॉफ्टवेअर) कोणता घ्यावा? (वर्डप्रेस की हेडलेस)

द्राक्षवेल
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

नाशिककडे आमची फवारणीचे ब्लोअर बनवणारी कंपनी आहे, मार्केटिंगला आम्ही तिघं आणि डेव्हलपर म्हणजे बाहेरचा एक मुलगा, तोही अर्धवेळ. सध्याची साइट एका एजन्सीने साध्या पीएचपीत करून दिलेली, पॅनेलमधून फक्त बातम्या टाकता येतात, साधा बॅनर बदलायचा तरी मेल करा, फोन करा, मग कधीतरी बदलतो आणि त्यात छाटणीचं छाटनी झालेलं असतं. गोडी छाटणीच्या (द्राक्षाच्या ऑक्टोबरातल्या छाटणीच्या) आधी नवी साइट हवीय, कारण एकदा ऑक्टोबर लागला की शेतकरी बागेत, मग साइट कोण बघतंय.

लँडिंग पेज (जाहिरातीवरून येणाऱ्यासाठीचं पान) आमचं आम्हाला बनवता आलं पाहिजे. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही हवंय, पुढे विजयपूरकडच्या बागायतदारांसाठी कन्नडही. औषधाचं प्रमाण, नोझल, पाण्याचा हिशोब असली पानं आमच्या कृषितज्ज्ञ साहेबांनी बघितल्याशिवाय लाइव्ह जाता कामा नयेत (साहेब मोबाइलवरच सगळं बघतात). आणि विकलेल्या प्रत्येक मशीनच्या टाकीवर क्यूआर स्टिकर आहे, तो जुन्या पत्त्यावर जातो, ते स्टिकर काही आता बदलता येणार नाहीत.

डेव्हलपर म्हणतो स्ट्रॅपी (हा हेडलेस सीएमएस) आणि पानं दाखवायला नेक्स्ट जेएस करू, मालक म्हणतात वर्डप्रेस हॅक होतं, आणि मला तर कुणीतरी वेबफ्लोचा (कोड न लिहिता साइट बनवायची सेवा) डेमो दाखवल्यापासून तेच आवडलंय. काय करू?

कोरडवाहू
वर्डप्रेस घ्या आणि मोकळे व्हा. २००३ पासून आहे, तुमचा डेव्हलपर उद्या बंगलोरला गेला तरी दुसरा नाशकातच मिळेल. हॅक होतं ते बहुतेक वेळा अपडेट न केलेल्या प्लगइनमुळे (वरून जोडलेल्या सुविधेमुळे), नाहीतर कुठून तरी फुकट उचललेल्या नल्ड, म्हणजे चोरीच्या थीममुळे.

पायरीवरचा
स्ट्रॅपी वाईट नाही, पण हेडलेस म्हणजे काय ते आधी समजून घ्या. तुम्हाला मिळतात फक्त रकाने: शीर्षक, मजकूर, फोटो. पान दिसणार कसं ते सगळं नेक्स्टच्या कोडमध्ये, म्हणजे नव्या पद्धतीचा सेक्शन हवा झाला की परत डेव्हलपरच्या दारात, प्रिव्ह्यूसुद्धा त्यानेच जोडून द्यायचा. शिवाय स्ट्रॅपी ज्यावर चालतं तो नोडचा सर्व्हर चोवीस तास चालू ठेवणं आलं. तोच मजकूर अ‍ॅपला, डीलर पोर्टलला, शोरूमच्या स्क्रीनला जाणार असेल तर हेडलेसला तोड नाही. तुमचं अ‍ॅप आहे का? नसेल तर ही हौस डेव्हलपरची आहे, तुमची गरज नव्हे. वेबफ्लो दिसायला झकास, पण भाषांसाठी वेगळे पैसे आणि होस्टिंग त्यांचंच, तीन-चार भाषांना हिशोब करून बघा.

आणि काहीही घ्या, डोमेन आणि होस्टिंग कंपनीच्या नावावर आणि कंपनीच्या मेलवर आहे का ते आजच बघा. एजन्सीच्या मेलवर निघालं तर बाकी सगळं नंतर.

द्राक्षवेल
अ‍ॅप नाही, विचारही नाही. डोमेन बघते. पण साहेबांच्या मंजुरीचं काय? स्ट्रॅपीत होतं म्हणे.

पायरीवरचा
ड्राफ्ट आणि पब्लिश फुकटात आहे, पण मंजुरीच्या पायऱ्या त्यांच्या पैशाच्या प्लॅनमध्ये. वर्डप्रेसमध्ये तुम्हा तिघांना काँट्रिब्युटर केलं तर लेख लिहून तपासणीला पाठवता येतो, प्रसिद्ध करता येत नाही, साहेब एडिटर. इथपर्यंत छान. घोळ पुढे आहे. काँट्रिब्युटरला फोटो चढवता येत नाही, आणि तो फक्त पोस्ट लिहू शकतो, पेज नाही. म्हणून प्रमाणाच्या पानांसाठी वेगळा पोस्ट टाइप (मजकुराचा वेगळा प्रकार) करून घ्या आणि त्याचे हक्क वेगळे द्या. दुसरं म्हणजे एकदा लाइव्ह गेलेल्या पानात एडिटरने काही बदललं की ते तिथल्या तिथे बदलतं, मध्ये कुणी अडवत नाही. लिटरला दोन मिलीचं वीस झालं तर? बदल आधी मंजुरीला थांबवणारं प्लगइन लागेल, पब्लिशप्रेस रिव्हिजन्स बघा.

एलिमेंटर (वर्डप्रेसमध्ये पान मांडायचं प्लगइन) शक्यतो टाळा असं मी म्हणेन, काही जण माझ्यावर चिडतील. तो बंद केला की मांडणी गेली, उघडा मजकूर उरतो. वर्डप्रेसच्याच ब्लॉक एडिटरमध्ये चार-पाच पॅटर्न (तयार साचे) बनवून घ्या, मांडणी लॉक करा, रंग कंपनीचेच तेवढे ठेवा.

आणि डेमो विक्रेत्याला देऊ देऊ नका. तुमच्यातल्या सगळ्यात कमी कॉम्प्युटर येणाऱ्याला बसवा, मागच्या हंगामाचं एक खरं लँडिंग पेज तीन भाषांत करायला सांगा, साहेबांना मोबाइलवरून मंजूर करू दे, तुम्ही नुसतं बघत बसा.

अक्षरजुळारी
कुणी विचारलं नाही पण विचारते. मराठी मजकूर येतो कुठून? ब्रोशर करणारा डीटीपीवाला श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये) देत असेल तर पेस्ट केल्यावर कचरा दिसेल, युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. बदलल्यावर 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांना' असले शब्द आणि सगळे आकडे डोळ्यांनी तपासा, कन्व्हर्टर नेमका तिथेच माती खातो.

थीम निवडताना अक्षरांमधलं अंतर वाढवलेली मथळ्याची स्टाइल नको, शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरची वेलांटी आणि खालचा उकार भिडतात. 'मुक्त' (Mukta) नावाचा फॉन्ट गुगलवर फुकट आहे, चांगला दिसतो.

द्राक्षवेल
अगदी, श्रीलिपीच! मागच्या वेळी आम्ही सगळं परत टाइप केलं होतं.
पानाचा पत्ता मराठीत ठेवला तर चालेल का? दिसायला छान वाटतं.

पायरीवरचा
चालतो, पण ठेवू नका. वर्डप्रेसमध्ये स्लगला (पत्त्यातल्या पानाच्या नावाला) २०० अक्षरांची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि अनुस्वार धरून, कोडमध्ये ९ जागा खातं. म्हणजे बावीसेक चिन्हांत खेळ खलास, पुढचं कापलं जातं. वर व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवलं की टक्क्यांच्या खुणांची लांबलचक शेपटी, डीलर म्हणणार लिंक खराब आहे. रोमन लिपीत छोटा स्लग द्या. भाषांसाठी पॉलीलँग प्लगइनची फुकट आवृत्ती सुरुवातीला पुरते.

कोरडवाहू
क्यूआरचं राहिलंच की. जुना पत्ता कसा आहे?

द्राक्षवेल
प्रॉडक्ट डॉट पीएचपी, प्रश्नचिन्ह, आयडी बरोबर १४, असला.

कोरडवाहू
मग डेव्हलपरला सांगा, अपाचे सर्व्हरचा साधा रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर पाठवायचा) नियम प्रश्नचिन्हाच्या पुढचं जुळवतच नाही, रीराइटमध्ये क्वेरी स्ट्रिंगची अट वेगळी लिहावी लागते. आयडी आणि नवीन पान अशी एक्सेल तुम्ही करा, मॉडेल तुम्हालाच माहीत, बंद झालेली मॉडेल्ससुद्धा त्यात घ्या, त्यांना मुखपृष्ठावर न टाकता सुट्या भागांच्या पानावर पाठवा. सगळे ३०१, म्हणजे कायमचे रिडायरेक्ट. लाइव्ह करायच्या आधी गोडाउनमध्ये जाऊन प्रत्येक मॉडेलचा एकेक स्टिकर टेस्ट साइटकडे वळवून स्कॅन करून बघा.

द्राक्षवेल
एक्सेल सोमवारी करायला घेते. साहेबांचा लॉगिन झाला की पहिलं पान कसं जमलं ते इथेच टाकते.