‘विंदालू’तला आलू कोणता?

प्रश्न (म्हापसा): इंग्रजी शब्दकोशात ‘विंदालू’ हा शब्द पाहिला. आमच्याकडे हा पदार्थ डुकराच्या मांसाचा होतो आणि त्यात बटाटा घालत नाहीत. मग त्यात ‘आलू’ कुठून आला? पोर्तुगिजांमार्फत इंग्रजीत गेलेले आणखी शब्द जाणकारांनी कृपया सांगावेत.

उत्तर (मडगाव): त्याचा बटाट्याशी काहीही संबंध नाही. द्राक्षमद्य आणि लसूण यांत मांस मुरवत ठेवण्याच्या पद्धतीला पोर्तुगीजमध्ये ‘विन्या द आल्युश’ म्हणतात आणि त्यातला ‘आल्यु’ म्हणजे लसूण. गोव्यात द्राक्षमद्याच्या जागी माडाच्या सुरेचे व्हिनेगर आले, पोर्तुगिजांनीच आणलेली मिरची त्यात पडली आणि नावाचे ‘विंदालू’ झाले. विलायतेतल्या उपाहारगृहांत मात्र त्यात सर्रास बटाटे घालतात, याचे मला खरोखर वाईट वाटते.

उत्तर (फोंडा): माझ्या मते सर्वांत विलक्षण प्रवास ‘मँडरिन’चा आहे. चिनी दरबारातील अधिकाऱ्याला इंग्रजीत दिलेले हे नाव चिनी नसून, संस्कृत ‘मंत्रिन्’ मलय भाषेत ‘मंतेरी’ झाला आणि तिथून पोर्तुगिजांच्या तोंडी बसून तो इंग्रजीत पोहोचला.

उत्तर (डिचोली): मुले सांभाळणारी ‘आया’ही पोर्तुगीजच, तिचा आपल्या ‘आई’शी संबंध जोडू नये.