जुन्या वॅगनआरचा एसी : दोनदा गॅस भरूनही गारवा टिकत नाही

जुनी_वॅगनआर (राजारामपुरी)

माझ्या 2006 सालच्या वॅगनआरमध्ये मार्चच्या सुरुवातीला एसीचा गॅस भरून घेतला. सहा आठवडे गाडी उत्तम गार होत होती. पुढे झरोक्यांतून कोमट हवा येऊ लागली, म्हणून त्याच गॅरेजमध्ये पुन्हा गॅस भरला, तर तो तीन आठवडेही टिकला नाही. आता बटण दाबल्यावर कंप्रेसरचा (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचा) क्लच, म्हणजे त्याला इंजिनाच्या पट्ट्याशी जोडणारा भाग, बसतानाचा ‘टक्’ असा आवाजही येत नाही. त्यावरून गॅरेजवाल्यांनी कंप्रेसर गेल्याचे निदान केले असून, सांगितलेला खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या मानाने जड वाटतो. काल बॉनेट उघडून पाहिले, तेव्हा कंडेन्सरच्या (गाडीच्या पुढच्या बाजूला गॅसची उष्णता बाहेर सोडणाऱ्या जाळीच्या) खालच्या कोपऱ्यात, जिथे पाइप जोडला आहे तिथे, रुपयाच्या नाण्याएवढा तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली. कंप्रेसर खरोखरच बदलावा लागेल का?

उद्यमनगरकर

एवढ्यावरून कंप्रेसर बदलू नये. गॅस हा पेट्रोलसारखा खर्च होणारा पदार्थ नाही. तोच गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो, त्यामुळे नऊ आठवड्यांत दोनदा तो संपला याचा अर्थ गळती आहे आणि ती लहान नाही. गॅसबरोबर कंप्रेसरचे तेलही फिरत असते, म्हणून गळतीच्या जागी तेल येते व धूळ धरते. आपण पाहिलेला डाग बहुधा तोच आहे.

क्लच न बसण्याचे कारणही याच्याशी जोडलेले असू शकते. गॅसचा दाब फार उतरला, की प्रेशर स्विच क्लचचा वीजपुरवठा तोडतो, कारण तेल न पोहोचता कंप्रेसर फिरला तर तो आतून घासून निकामी होईल. म्हणजे ज्या शांततेवरून कंप्रेसर गेल्याचे ठरवले, ती त्याच्या रक्षणासाठीच असू शकते. प्रथम गेज (दाबमापक) लावून दाब पाहायला सांगावे. मग नायट्रोजन भरून जोडांवर साबणाचे पाणी लावावे. काही ठिकाणी यासाठी साधी हवा भरतात, ती मात्र भरू देऊ नये, कारण तिच्यातील दमटपणा आत राहतो.

गळती काढल्यावर ड्रायर (ओलावा शोषणारा डबा) आणि उघडलेल्या जोडांच्या ओ-रिंग (रबरी कड्या) नव्या घालाव्यात आणि किमान अर्धा तास व्हॅक्यूम धरावा, म्हणजे पंपाने नळ्यांतील हवा ओढून घ्यावी. व्हॅक्यूममुळे आतील पाण्याची वाफ होऊन निघते. ते पाणी राहिले तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी, म्हणजे गॅसचा दाब उतरवणाऱ्या अरुंद वाटेपाशी, गोठून वाट अडवते. पंप बंद केल्यावर गेजचा काटा थोडा वेळ जागेवर राहतो का, हे स्वतः उभे राहून पाहावे; तो सरकला तर गळती अजून असू शकते. आपल्या गाडीत आर-134ए नावाचा गॅस लागतो. तो बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच, काट्यावर तोलून भरावा. हाताला गार लागेपर्यंत भरण्याची पद्धत चुकीची आहे, कारण गॅस जास्त झाला तरीही गारवा कमीच होतो.

पावसाळी_गाडी

वरील मताशी सहमत आहे, परंतु फक्त कंडेन्सरच्या डागावर थांबू नये. कंप्रेसरच्या शाफ्टचे (फिरत्या दांड्याचे) सील गळत असेल, तर क्लचभोवती तेलाचे शिंतोडे दिसतात. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर आपण एसीला हात लावत नाही आणि तेवढ्या काळात ते सील कोरडे पडते. म्हणून पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा, काचेवरची वाफही त्यानेच जाते. डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल मात्र सर्वांत शेवटी उघडावी, कारण तिथे मजुरीच सुट्या भागांहून भारी पडते.

जुनी_वॅगनआर (राजारामपुरी)

शिरोली नाक्याकडच्या दुसऱ्या कारागिरांकडे काल गाडी नेली. गेजवर दाब जवळजवळ नव्हताच. नायट्रोजन भरताच त्या तेलकट कोपऱ्यात साबणाचे बुडबुडे उठले, परंतु जोड घट्ट करूनही थांबले नाहीत. डागाखाली कंडेन्सरची नळीच गंजून चिरली होती. कंडेन्सर, ड्रायर आणि ओ-रिंग बदलून गॅस तोलून भरला. कंप्रेसर जुनाच आहे, आणि बटण दाबल्यावर ‘टक्’ आवाज आला. क्लचभोवती तेल नव्हते, तरी पावसाळ्यानंतर पुन्हा पाहून इथे कळवीन.