अनुभव धागा: तुमच्या वर्गात ठरवायचं कोण? हात वर, चिठ्ठ्या, मॉनिटर… लिहा

खानापूरकर:
काल पुतणी शाळेतून आली ती फुगूनच. सातवीत आहे. सहलीला कुठं जायचं यावर वर्गात हात वर करून मोजणी झाली आणि तिचं ठिकाण पडलं. मी म्हटलं, मोजणी झाली ना, मग? तर म्हणाली, "काका, निम्म्या जणी शेजारणीकडं बघून हात वर करत होत्या." मला माझी नववी आठवली.

१९९६ साल. तालुक्यातली मराठी माध्यमाची शाळा, वर्गात ५४ जण, मॉनिटर मी. गोवा की गोकाक, तुमचं तुम्ही ठरवा, एवढं सांगून सर स्टाफरूममध्ये गेले. मी फळ्याजवळ उभा राहून विचारलं, गोवा कुणाकुणाला? ४१ हात. गोकाकला पाच. आठ जणांनी हातच वर केला नाही आणि मी त्यांना विचारलंही नाही. फळ्यावर मोठ्या अक्षरात 'गोवा' लिहून मोकळा झालो.

गोव्याला १८० रुपये, गोकाकला ६०. पैसे भरायच्या शेवटच्या दिवशी माझ्या वहीत १७ नावं. बाकीच्यांपैकी कुणाच्या मामाचं लग्न, कुणाची आई आजारी, कुणाला बस लागते. मधल्या सुट्टीत शेवटच्या बाकावरची एक मुलगी आली. वडील गवंडीकाम करायचे तिचे. म्हणाली, "मला परवडत नाही म्हणून सगळ्यांदेखत कोण हात वर करणार? चिठ्ठ्या घे. नाव नको, घरातून किती मिळतील तेवढाच आकडा."

माझ्याच जेवणाच्या डब्यात चिठ्ठ्या गोळा केल्या. चटणीचं तेल लागलेल्या. कितीतरी चिठ्ठ्यांवर ५०, काहींवर ३०, दोन कोऱ्या. काहींवर १०० पण होते. गोकाकला गेलो, ५१ जण गेलो. जास्त कुणी भरले, कुणासाठी भरले, शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. त्या मुलीला मी तेव्हा साधं 'बरं केलंस' असंही म्हटलं नाही. ते अजून टोचतं.

तुमच्याकडं कसं ठरायचं?

निपाणीची लेक:
दादा, कोऱ्या चिठ्ठ्यांपाशी थांबले. माझं पण आहे सांगायचं, कुकर लावलाय, येते.

वडगावकर:
गोकाकला गेलासा आणि तिथली मिठाई, करदंट, आणलासा की नाही ते सांगा आधी 😄

खानापूरकर:
आणला की वो! एका पुडीत आठ जण. धबधब्याचा आवाज एवढा की कुणी किती खाल्ला ते विचारता पण येईना.

हुक्केरीवाला:
आमची शाळा सुटायची साडेचारला, गावाकडची बस पावणेसहाला. दहावी, एसएसएलसीचं वर्ष. डेपोत अर्ज द्यायचं ठरलं, कर्नाटकातला डेपो, अर्ज कन्नडमध्ये हवा. आमचं कन्नड पेपरापुरतं. वर्गात एक मुलगा घरी कन्नड बोलणारा, आईच्या हट्टानं मराठी शाळेत आलेला. आम्ही त्याला नावानं कधी हाक मारलीच नाही, 'ए कानड्या' एवढंच. आज लाज वाटते.

त्या दिवशी तोच पुढं बसला. आम्ही मराठीत सांगायचं, तो कन्नडमध्ये लिहायचा, आणि प्रत्येक ओळ परत मराठीत सांगून विचारायचा, "हेच म्हणायचंय न्हवं?" एका मुलीनं अडवलं. अंधार पडतो म्हणून घरचे मुलींची शाळा बंद करतात, ते कुठं आहे यात? परत लिहिला. असा चार वेळा. डेपोतल्या साहेबांनी पहिल्यांदा वाचलाच नाही, घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला. तीन आठवड्यांनी परत गेलो, तो एकटाच बोलला, आम्ही मागं उभे. दसऱ्याच्या सुट्टीनंतर बस पाचला यायला लागली. लीडर कोण यावर नंतर वर्गात कधी मोजणी झालीच नाही.

मलप्रभेकाठची:
'कानड्या' वाचून गप्प झाले. आमच्या शेजारी उलटं, कन्नड शाळेत माझ्या भावाला तसंच. तुमचा तो मित्र आता भेटतो का?

हुक्केरीवाला:
भेटतो ताई. माझ्या बहिणीच्या लग्नात मांडवात तोच सगळ्यात पुढं.

शाळेतल्या बाई:
मी खानापूरच्या जंगलपट्टीत शिकवते. पहिली ते पाचवी मिळून १९ मुलं. नली-कली म्हणजे खेळत शिकायची पद्धत, तीत पहिली ते तिसरी एकत्रच बसतात, मित्राकडून शिकायचा गट वेगळा असतो, त्यामुळं कुणाला काय येतं हे मुलांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. शाळा संसदेत पाणीमंत्री निवडायचा होता. मी मनात पाचवीतली हुशार मुलगी धरलेली. मुलांनी तिसरीतलं एक बारकं पोर निवडलं. का रे? "बाई, सगळ्यात आधी तोच येतो, कळशी तोच भरतो." मला वर्षभर वाटत होतं कळशी अक्षरदासोहच्या, म्हणजे शाळेतलं दुपारचं जेवण करणाऱ्या मावशी भरतात.

वडगावकर:
बाई, त्या पोराला माझ्याकडनं एक कुंदा. खरंच पाठवतो.

निपाणीची लेक:
आले. १९८१ साली तंबाखूच्या शेतकऱ्यांनी हायवेवर ठाण मांडलं होतं, आमचे बाबा तिथं. मी सहावीत. रात्री मोठी माणसं बसून उद्याचं ठरवायची ते ऐकत झोपायचे. त्याच साली शाळेच्या पाण्याच्या टाकीत अळ्या झालेल्या. आम्ही अकरा मुलींनी ठरवलं, टाकी धुतल्याशिवाय मधल्या सुट्टीनंतर वर्गात जायचं नाही. नियम एकच, एकीला जरी भीती वाटली तरी सगळ्यांनी आत जायचं.

घंटा झाली. एक म्हणाली, मला घरी मार बसेल. नियम म्हणजे नियम, सगळ्या आत गेलो. कुणी तिला बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तीच पहिल्यांदा पायरीवर बसली. बाईंना राग आला, मग त्या स्वतः टाकीत वाकून बघून आल्या. शिपाईकाकांबरोबर काथ्यानं आम्हीच घासली. पुढं त्या मुलीला लवकरच शाळा सोडावी लागली, आईबरोबर विड्या वळायला बसली. तिची आठवण काढणारं कुणी नाही म्हणून इथं लिहिलं.

मलप्रभेकाठची:
ताई 🙏

टिळकवाडी:
बसमध्ये आहे, थोडक्यात. १९२४ चं काँग्रेस अधिवेशन आमच्या बेळगावात, गांधीजी अध्यक्ष झाले ते तेवढ्या एकदाच. गॅदरिंगला तो प्रसंग बसवायचा, आणि गांधीजी व्हायला नऊ जण तयार. बाई म्हणाल्या, निवडा तुमचे तुम्ही. तासभर भांडण. शेवटी एकानं टकळी आणली, जो धागा न तोडता जास्त कातेल तो गांधीजी. मुलींना कुणी धरलंच नव्हतं, पण एक म्हणाली मी पण कातणार. नाही म्हणायला नियमात काही नव्हतं. तिचा धागा तुटलाच नाही. पंचा, काठी, चष्मा, सगळं तिला. माझा उतरायचा स्टॉप आला.

वडगावकर:
खानापूरकर, पुतणीच्या सहलीचं काय मग?

खानापूरकर:
सोमवारी परत बोलणार आहेत. जुन्या कॅलेंडरची पानं कापून घड्या घालत बसलीय समोर. माझा डबा मागतेय.