पहिल्या मतदानाचे अनुभव : शाई लागायच्या आधीची धावपळ

खडूची_धूळ

माझ्याकडे कॉलेजचं एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, आहे. २५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिवस. निवडणूक आयोग १९५० साली याच तारखेला स्थापन झाला, म्हणून २०११ पासून तो पाळतात. आम्ही सभागृहात हात पुढे करून शपथ घेतो. फोटो वर पाठवायचे असतात, त्यामुळे हात सरळ आहेत ना, यावर आमचं फार लक्ष. यंदा शपथ संपल्यावर सहज म्हटलं, "ज्यांचं नाव यादीत आहे, त्यांनीच हात ठेवा." दीड-दोनशे हातांतले तीसेक उरले. त्यातलाही एकजण नंतर येऊन म्हणाला, "सर, मला वाटलं हजेरीची यादी."

पोरांना रस नाही, हे स्टाफरूममध्ये रोज ऐकतो. मला ते पटत नाही. ज्यांना रस आहे तीसुद्धा मतदारयादीत नाव लावायचा फॉर्म ६ भरताना अडकतात. आधारवर गावचा पत्ता, राहायला इथे, मग लिहायचं काय? २०२२ पासून १ जानेवारीसोबत १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर याही अठरा पूर्ण मोजायच्या पात्रता तारखा धरतात आणि सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो, हे तर शिपायापासून प्राचार्यांपर्यंत कुणाला ठाऊक नसतं. मला तरी कुठे होतं?

तेव्हा लिहा. नाव कसं लागलं, मत दिलंत का, नसेल तर का नाही. पक्ष आणि उमेदवार मात्र इथे नकोत, त्यासाठी चहाची टपरी आहे.

खोली_नंबर_१४

मी यवतमाळचा, शिकायला पुण्यात. २०२४ च्या लोकसभेला आमच्याकडे मतदान २६ एप्रिलला, पुण्यात १३ मे ला. सव्वीसला शुक्रवार, शनिवारी सबमिशन. जाऊन-येऊन दोन रात्री बसमध्ये. तेव्हा हॉस्टेलच्याच पत्त्यावर नाव लावायचं ठरवलं. विद्यार्थ्याला घरचा किंवा वसतिगृहाचा, कुठलाही एक पत्ता चालतो. वसतिगृहाचा दिला तर कॉलेजच्या प्रमुखांचं प्रमाणपत्र लागतं.

ऑफिसात विचारलं तर खिडकीतून उत्तर, "बोनाफाइड कशाला पाहिजे? पासपोर्ट, स्कॉलरशिप का बँक?" मतदान असा पर्याय त्यांच्या रजिस्टरात नव्हताच. शेवटी 'इतर' लिहून दिलं.

पहिला अर्ज नामंजूर. कारण, अर्जदार पत्त्यावर आढळला नाही. बीएलओ, म्हणजे यादीसाठी पत्त्यावर येऊन खात्री करणारे कर्मचारी, अकरा वाजता येऊन गेले होते, तेव्हा अख्खं हॉस्टेल लेक्चरला! दुसऱ्यांदा अर्ज केला आणि वॉचमन काकांच्या टेबलावर माझा नंबर चिकटवून ठेवला. या वेळी बीएलओ म्हणून अंगणवाडीच्या ताई आल्या, काकांच्या खुर्चीत बसून पाच मिनिटांत काम उरकलं आणि जाताना विचारलं, "तुमच्यातल्या बाकीच्या पोरांचं काय?" मग आम्ही सातजणांनी भरले.

बाबा अजून बोलून दाखवतात, "गावातलं एक मत कमी केलंस नं बे."

अर्धी_चपाती

माझं थोडक्यात. कॉलेजचं आयकार्ड गळ्यात घालून ऐटीत केंद्रावर गेले. चालत नाही! मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट वगैरे जी ठरलेली यादी आहे, त्यात कॉलेजचं कार्ड नाही. मोबाइलमधलं आधार दाखवायला गेले, तर मोबाइलच आत नेता येत नाही. भर उन्हात घरी परत. आजी म्हणाली, "मी पिशवीत मतदानाचं कार्ड तेवढंच घेऊन जाते, तुझी पर्स भरलेली असते."

एकोणनव्वदचा_गडी

तुम्हा पोरांत घुसतोय, माफ करा. मतदानाचं वय २१ वरून १८ झालं ते ६१ व्या घटनादुरुस्तीने, मार्च १९८९ पासून. मी तेव्हा एकोणीसचा, म्हणजे आमचीच पहिली बॅच. नोव्हेंबरात लोकसभा लागली. तेव्हा मशीन नव्हतं, कागदाची मतपत्रिका आणि शिक्का. मला धास्ती एकच. घडी चुकली आणि ओल्या शिक्क्याचा डाग दुसऱ्या चिन्हावर उमटला, तर मत बाद? आदल्या रात्री वहीच्या कागदाला उभी घडी घालून दहा वेळा सराव केला. थोरला भाऊ बघून हसत होता, कारण त्याला बिचाऱ्याला पहिल्या मतासाठी एकविसापर्यंत थांबावं लागलं होतं.

पारावरची_पोरगी

बीड जिल्ह्यातलं लहान गाव. माझा अनुभव मतपेटीचा कमी, ग्रामसभेचा जास्त.

कॉलेज तालुक्याला. सकाळची एसटी फाट्यावरूनच वळायची, गावात यायची नाही. अडीच किलोमीटर चालत जायचं, आणि थंडीत तेव्हा अंधार असतो. आम्ही सहाजणी. सरांनी वर्गात शिकवलं की गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येकजण ग्रामसभेचा सदस्य. आमच्यापैकी दोघींची नावं लागली होती. १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर आम्ही तिथेच बसलो.

तोवर सभा म्हणजे काय हे आम्हाला ठाऊक होतं ते एवढंच, की संध्याकाळी शिपाई रजिस्टर घेऊन दारात येतो आणि आजोबा अंगठा देतात. सभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असतील तेवढे लागतात. गणपूर्ती अशी दारोदार व्हायची.

मी उठले तेव्हा पाय लटपटत होते. एक चुलते म्हणाले, "पोरीहो, घरी जा, जिलेबी वाटप झालंय." ग्रामसेवकांनी विचारलं, "नाव यादीत आहे का?" मी अनुक्रमांक पाठच करून आले होते, सांगितला. मग सगळे गप्प. ठराव घातला, प्रोसिडिंगला लिहून घेतला, सूचक म्हणून माझं नाव, अनुमोदक मैत्रीण. नक्कल घेऊन आम्हीच आगारात गेलो, एकदा नाही, चार वेळा. दिवाळीनंतर बस आत यायला लागली. पावसाळ्यात रस्ता खचला की पुन्हा फाट्यावरच थांबते, तेही सांगून ठेवते.

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं, तेव्हा आई-बाबा ऊसतोडीच्या टोळीबरोबर फडावर होते. घरात शाई लागलेलं बोट माझं एकटीचं.

कोरा_कागद

मी मत दिलं नाही. आळस नव्हता, कुणी पटलं नाही. मित्र म्हणाले नोटा दाब, म्हणजे 'यांपैकी कुणी नाही'चं बटण, २०१३ पासून सोय आहे. पण आमदार-खासदारकीला नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तरी निवडून येतो तो पहिला उमेदवारच. मग मी रांगेत उभं राहायचं कशाला?

खडूची_धूळ

@कोरा_कागद, तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही. फक्त महापालिका, नगरपालिकांसाठी आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये वेगळा आदेश काढला, की नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक. तेव्हा वॉर्डात तरी रांगेत उभे राहा.

लाल_पेनवाली

जिल्हा परिषद शाळेत शिकवते, बीएलओचं काम वरून आलेलं. खोली नंबर चौदा, वाचून हसू आलं. आम्ही अकराला येतो कारण दहाला शाळेत हजेरी लावून, वर्ग शेजारच्या बाईंवर टाकून निघतो आणि मध्यान्ह भोजनाआधी परतायचं असतं. तुम्ही लेक्चरला असता हे आम्हालाही कळतं हो, पण संध्याकाळी आलं तर रेक्टर फाटकातून आत घेत नाहीत.

पोरांनो, एक करा. फॉर्मवर मोबाइल नंबर स्वतःचा लिहा, वडिलांचा नको. मी फोन लावते, वडील उचलतात, म्हणतात, "तो शिकायला बाहेरगावी असतो," आणि ठेवून देतात. मी तेव्हा त्याच बाहेरगावी, त्याच्या हॉस्टेलच्या दारात उभी असते.