कसारा घाटात लोड गाडीचे ब्रेक तापतात

प्रश्न: नाशिकहून कांदा भरून न्हावा-शेवा बंदराकडे जाताना अर्ध्या घाटातच लायनरचा (ब्रेकमध्ये ड्रमवर घासणारी पट्टी) वास सुटतो, ब्रेक दाबूनही गाडी रेटत राहते. लायनर नवे आहेत. काय बघावं?

– इगतपुरी सुटली की उतार लागायच्या आधीच खालच्या गिअरवर या, एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनानेच गाडी रोखणारा) लावा. न्यूट्रल अजिबात नको. न्यूट्रलमध्ये डिझेल वाचतं म्हणे! नव्या इंजिनात गिअरमध्ये पाय उचलला की डिझेल तसंही बंदच होतं.

– ब्रेकवर पाय टेकवून बसू नका. दाबा, वेग उतरला की पूर्ण सोडा. सारखं पंपिंग केलं तर ब्रेक ज्या हवेवर चालतात ती टाकीतली हवा संपते.

– चारही चाकांच्या ब्रेक ड्रमजवळ हात नेऊन बघा, लावू नका. एकच जास्त तापलेला असेल तर त्याचा स्लॅक अ‍ॅडजस्टर (लायनर आणि ड्रममधलं अंतर जुळवणारा भाग) तपासा. तापल्यावर पाणी मारलं की ड्रमला तडा जातो.