मदत हवी आहे : मुक्तस्रोत प्रकल्पाला डिझाइनचा दस्तऐवज कसा द्यावा?

राजवाडा_इंदूर
एका मुक्तस्रोत (म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला असतो अशा) कीबोर्ड अ‍ॅपसाठी मी मराठीच्या कळांची नवी मांडणी तयार करून तिचा संपूर्ण दस्तऐवज तेथील समूहाला दिला, परंतु त्यावर कोणीही अभिप्राय देत नाही. पुढची आवृत्ती लवकरच निघणार आहे, तेव्हा योग्य पद्धत कृपया तातडीने सांगावी.

मांडवी_बडोदे
फाइल कोणत्या स्वरूपात आहे? ती सर्वांना उघडता येते का? बदल कशासाठी हवा आहे, हे कोठे लिहिले आहे?

राजवाडा_इंदूर
फिग्मा या ऑनलाइन डिझाइन साधनातील फाइलीचा दुवा दिला आहे. कारण तर उघडच आहे.

लष्कर_ग्वाल्हेर
फिग्मा सोडा आणि पेनपॉट हे तसेच साधन वापरा. ते स्वतःच मुक्तस्रोत आहे, त्यामुळे समूहाला ते आपलेसे वाटेल.

मांडवी_बडोदे
दादा, साधन बदलल्याने अभिप्राय येत नाहीत. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत बदल सुचवायला २००० पासून ‘पेप’ आणि रस्ट या भाषेत २०१४ पासून ‘आरएफसी’ नावाचा प्रस्ताव लिहितात, ती साध्या मजकुराची फाइल असते. गिटहबसारख्या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर तिच्या एकेका ओळीवर चर्चा करता येते आणि कोणते पर्याय का सोडले, तेही तिच्यात नोंदवलेले असते. चित्रे एसव्हीजी या कितीही मोठी केली तरी न फाटणाऱ्या रेखाचित्रांच्या स्वरूपात सोबत द्यावीत. राजवाडा, ते उघड कारण येथे लिहाल का?

राजवाडा_इंदूर
इंदुरात आम्ही घरात मराठी आणि बाहेर हिंदी लिहितो, म्हणून हिंदीचीच मांडणी वापरतो. तिच्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या मागे दडलेला आहे; ‘कळलं’ किंवा ‘वेळ’ लिहिताना दर वेळी कळ दाबून धरावी लागते आणि घाईत ‘वेल’ उमटते. मी ‘ळ’ला स्वतंत्र कळ दिली आहे.

लष्कर_ग्वाल्हेर
आमच्याकडेही हेच होते! तरीही पेनपॉटबद्दलचे माझे मत कायम आहे. शिवाय चित्रांवर इतरांनी ती वापरण्याचा परवाना लिहा. तो नसेल तर हक्क तुमच्याकडेच राहतात आणि जाणती मंडळी अशा फाइलीला हात लावत नाहीत.

तुकोगंज_वाचक
फोनवर मराठी बोलून लिहिण्याची सोय आहे, ती का वापरत नाही?

मांडवी_बडोदे
प्रश्न तो नाही. राजवाडा, ‘कळलं’चे हे उदाहरण दस्तऐवजाच्या पहिल्याच परिच्छेदात घ्या, कारण मराठी न येणाऱ्या परीक्षकालाही त्यावरून अडचण समजेल. चित्रांतील देवनागरी अक्षरांचे बाह्यरेखांत रूपांतर करून ठेवा, नाहीतर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर दुसरा लागतो आणि अक्षरे कळीबाहेर जातात.

राजवाडा_इंदूर
सोडलेले पर्याय लिहिले तर तेच वाद पुन्हा निघणार नाहीत का?

मांडवी_बडोदे
निघतील, पण तेव्हा तुम्हाला नव्याने बाजू मांडावी लागणार नाही; त्या परिच्छेदाचा दुवा दिला की पुरे.