मदत हवी आहे: कॉक्लिअर इम्प्लांटनंतर आईचं तोंड वाकडं झालंय, चेहऱ्याला करंट द्यावा का?

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. आई ६३ वर्षांची. पुण्यात तिच्या उजव्या कानाचं कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी ऑपरेशन करून आत बसवतात ते यंत्र) झालं, ठणठणीत घरी आली. नवव्या दिवशी सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून पदरावर सांडलं. बघते तर तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा डोळा मिटेना.

दुसऱ्या दिवशी गाडी करून पुणं गाठलं. सर्जन म्हणाले, शुद्धीवर येतानाच तोंड वाकडं दिसलं असतं तर नसेला इजा झाल्याची शंका घेतली असती. इतक्या दिवसांनी झालं म्हणजे बहुधा सूज. इम्प्लांटची तार चेहऱ्याच्या नसेला अगदी खेटून आत नेतात, आणि ती नस हाडाच्या अरुंद बोळातून जाते. सुजली की दबते. बहुतेकांचं बरं होतं, पण आठवडे, कधी महिने जातात. स्टेरॉइड सुरू आहे. आईला डायबिटीस, त्यामुळे शुगर २८० वर गेलीय, तो घोळ वेगळाच.

डोळ्यात दिवसा थेंब, रात्री मलम आणि वरून चिकटपट्टी. झोपेत ती सुटते, बुबुळ वर गेलेलं आणि नुसतं पांढरं दिसतं. रात्रीतून दोनदा उठून मी परत लावते.

आता प्रश्न. इथले फिजिओ म्हणतात, मशीनने करंट देऊ, लवकर सुटेल. वारं गेलेल्या कितीतरी जणांना देतात म्हणे. पण हिच्या डोक्यात इम्प्लांट आहे ना! सर्जन सोमवारपर्यंत भेटत नाहीत. कुणाला अनुभव?

(शेजारच्या काकूंनी कबुतराचं रक्त सुचवून झालंय. ते नको.)

प्रतिसाद १
ताई, करंट अजिबात नको. माझ्या भावाला इम्प्लांट आहे. डोक्याजवळ विजेचे उपचार घेऊ नका, असं आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आतली तार करंट ओढून घेऊ शकते. हलका मसाज, आरशासमोरचे व्यायाम तेवढे विचारून घ्या. डोळा लाल झाला किंवा दुखला तर सोमवारची वाट बघू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.
आणखी एक, पुढे इम्प्लांट चालू केल्यावर आवाजासरशी पापणी फडफडली तर ऑडिओलॉजिस्टना (इम्प्लांटचं सेटिंग करतात ते) सांगा. भावाचं तसं व्हायचं, आतल्या तारेवरचे दोन इलेक्ट्रोड (करंट सोडणारे बिंदू) बंद केल्यावर थांबलं.

धागाकर्ती
खूप आभार. इम्प्लांटसोबतची पुस्तिका मुलाकडून वाचून घेतली, त्यातही हेच आहे. फिजिओंना फोटो पाठवला. "बरं झालं दाखवलंत" म्हणाले. उद्या फक्त मसाज शिकायला जातोय.